जनरलसाहेबांची सही

माझे बाबा माझ्या जन्माच्या पाच वर्षं आधी युद्धात मारले गेले. चौकातल्या काळ्या दगडावर त्यांचं नाव एकोणतिसावं आहे, आणि रोज सकाळी टेलिफोन एक्सचेंजला कामावर जाताना ते त्याच दगडाला वळसा घालून जात. बुटाची नाडी सुटली तर बांधायला पाय ठेवत तोही त्याच दगडाच्या पायरीवर. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांचं नाव असं कुठेतरी कोरलेलं असतं.

हे सगळं झालं काकांमुळे. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि ही हकिकत त्यांची आहे. जनरलसाहेबांवर तीन जाडजूड चरित्रं निघाली, शाळेत आम्हाला त्यांच्यावर धडा होता, आणि त्यांच्या वाढदिवशी भाषणं ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. त्यात काकांचा उल्लेख औषधालाही नाही. पण तिन्ही चरित्रांच्या पहिल्या पानावर जनरलसाहेबांची म्हणून जी सही छापली आहे, ती काकांच्या हातची आहे.

युद्धाआधी काका कोर्टाच्या नक्कल विभागात होते. निकाल, खरेदीखतं, मृत्युपत्रं यांच्या नकला दिवसभर हाताने उतरवायच्या. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी सांगितलं होतं की मजकूर वाचायचा नाही, फक्त अक्षर बघायचं. वाचायला लागलास की चुका सुरू. काकांनी ते असं काही मनावर घेतलं की खुनाचे आणि जप्तीचे कागद त्यांच्या हाताखालून जात आणि संध्याकाळी विचारलं तर त्यांना एका ओळीचाही पत्ता नसे. आजी म्हणायची, याच्या डोळ्यांतून आत जातं आणि बोटांतून बाहेर पडतं, वाटेत डोकं लागतच नाही. तेव्हा सगळे हसायचे.

जनरलसाहेबांचं नाव झालं ते पहिल्या वर्षीच, आणि तेही माघार घेताना. शाळामास्तरांचा मुलगा, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. सैन्य नदी ओलांडून मागे येत होतं तेव्हा शेवटचा माणूस पार होईपर्यंत ते पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहिले आणि मगच पूल उडवायला सांगितलं. तेव्हापासून लोकांनी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. त्यांचा एक नियम होता: आपल्या हाताखालचा माणूस मेला की त्याच्या घरी आपल्या सहीचं पत्र गेलं पाहिजे. शिक्का नाही, शाईची सही. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मनगटात धातूचा तुकडा घुसला आणि पेन धरवेना. पत्रं थांबली असती तर साहेब जायबंदी आहेत हे घरोघरी कळलं असतं. मग कुणीतरी कोर्टातल्या नक्कल करणाऱ्याचं नाव सुचवलं आणि काकांना गाडीत घालून नेलं.

तीन दिवस सराव करून काकांनी साहेबांची जुनी खरी सही असलेल्या एका कागदावर तिच्या वरखाली वीस सह्या केल्या. साहेबांनी कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला. आपली कुठली, हे त्यांना सांगता आलं नाही. काका सांगायचे की शाबासकी मिळेल म्हणून ते वाट बघत होते, पण साहेबांनी आपली खुर्ची त्यांच्यापासून हातभर मागे ओढली.

मुख्यालय मुलींच्या एका बंद पडलेल्या शाळेत होतं. काकांचं टेबल चित्रकलेच्या वर्गात होतं, भिंतीवर मुलींनी काढलेली घरं आणि सूर्य तसेच. शेजारच्या खोलीत टायपिस्ट याद्यांवरून पत्रं टाइप करायचा. मजकूर ठरलेला होता: आपला मुलगा माझ्या हाताखाली होता, तो डगमगला नाही, त्याला त्रास झाला नाही, आपल्या दुःखात मी सहभागी आहे. नाव तेवढं बदलायचं. पत्रं काकांकडे यायची ती एकावर एक सरकवून ठेवलेली, प्रत्येकाची फक्त खालची दोन बोटं पट्टी दिसेल अशी. सह्या पटापट व्हाव्यात, शाई वाळावी, म्हणून ती पद्धत. नाव वरच्या कागदाखाली झाकलेलं राही, आणि काकांना तेच बरं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी कागदाची टंचाई झाली. आघाडीवरच्या एका तुकडीच्या कारकुनाला बूट मागवायचे होते आणि कोरा कागद नव्हता, म्हणून त्याने ती यादी मृतांच्या छापील फॉर्मवर टाइप केली आणि वरचा ‘मृत’ हा शब्द पेनने खोडला. खोडला तो वरच्या प्रतीवर. कार्बनखालच्या प्रतीवर तो तसाच राहिला. वरची प्रत बुटांच्या कोठारात गेली, खालची मुख्यालयात आली. नावांपुढे आकडे होते: सात, आठ, आठ, सहा. टायपिस्टला वाटलं, पुरलेल्या जागेच्या रांगा असतील. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस पत्रं. काकांनी कपातला चहा निवायच्या आत त्या सगळ्यांवर सह्या करून टाकल्या.

नवव्या दिवशी त्यांना आजीचं कार्ड आलं. ते अजून माझ्याकडे आहे. धाकट्याचं कळवणारं साहेबांचं पत्र मिळालं, एवढ्या मोठ्या माणसाला वेळ मिळाला, तू तिथेच बसतोस आणि तुला आईला दोन ओळी लिहायला झालं नाही, असं तिने लिहिलं होतं.

काका धावत स्वीचबोर्डच्या खोलीत गेले. तिथे साहेबांचा एकुलता एक मुलगा बसायचा, बाबांच्याच वयाचा, बापाच्या नावाचा तोरा न मिरवणारा. त्या तुकडीची लाइन जोडून दे, म्हणून काकांनी त्याचे हात धरले. बाबा त्या तुकडीचे टेलिफोनवाले होते, पाठीवर तारेचं रीळ घेऊन फिरायचे. बरीच खरखर झाली आणि मग काकांच्या कानात मेलेल्या भावाचा आवाज आला.

“बोला, ऐकू येतंय. आमचे बूट कधी पाठवताय?”

बूट म्हटल्यावर काकांना ते आकडे आठवले. यादी काढून बघितली तर बाबांच्या नावापुढे सहा होता. आमच्या घरात सगळ्यांचीच पावलं लहान.

काका साहेबांपुढे उभे राहिले, झालं ते सांगितलं, आणि पत्रं परत मागवू या म्हणाले. साहेबांनी यादी उलटसुलट करून बघितली.

“आजवर किती पत्रं गेली आपली?” त्यांनी विचारलं.

“अकरा हजारांवर, साहेब.”

“एक्केचाळीस परत मागवली, तर त्या अकरा हजार घरांतली प्रत्येक आई म्हणेल की माझंही चुकूनच आलं असेल. आणि दार उघडं टाकून बसेल. जरा थांबू.”

यात खोटं काय होतं ते मला आजही सांगता येत नाही, आणि म्हणूनच त्या माणसाची मला भीती वाटते. त्यांनी यादी खणात ठेवली. चार दिवसांनी एक हुकूम सहीसाठी काकांकडे आला. मनगट ठणकत असलं की हुकूमही येत. काकांनी जन्मात पहिल्यांदा सही करण्याआधी वरचा मजकूर वाचला. डोंगराच्या धारेवर एका तुकडीने एकटीने जाऊन शत्रूला गुंतवून ठेवायचं होतं, म्हणजे बाकीचं सैन्य मागून वळसा घालू शकेल. तुकडी तीच होती. गेलेलं कुणी परत येणार नाही हे चित्रकलेच्या वर्गात बसलेल्या कारकुनालाही कळत होतं.

बाहेर साहेबांचा शिपाई कागदासाठी थांबला होता. काकांनी सही केली. मग त्याच पेनने, शाई वाळायच्या आत, त्यांनी दुसरा कागद ओढला आणि अमुक टेलिफोनवाल्याला तातडीने मागच्या डेपोत तारा दुरुस्तीला पाठवावं असा हुकूम लिहून त्यावरही तीच सही केली. दोन्हीत तिळमात्र फरक नव्हता. बाबा दुपारच्या ट्रकमधून कुरकुरत मागे आले, मित्र तिथेच राहिले म्हणून शिव्या देत. तिसऱ्या दिवशी तुकडी धारेवर गेली. आपलं सैन्य वळसा घालून मागून घुसलं, युद्धाचं पारडं फिरलं, आणि साहेबांचा पुतळा उभा राहिला तो त्या दिवसासाठी.

काकांना वाटलं होतं, चाळीस जातील. मोजणीत एक्केचाळीसच निघाले. टेलिफोनवाल्यावाचून तुकडी हलत नाही, तेव्हा बाबांच्या जागी आयत्या वेळी कुणालातरी पाठवलं होतं. कोण, ते कुठल्याच कागदावर नव्हतं, कारण एक्केचाळीस पत्रं आधीच घरोघर पोचली होती. त्याच आठवड्यात स्वीचबोर्डवर नवा माणूस दिसू लागला आणि साहेबांचा मुलगा बेपत्ता आहे असं कानावर आलं. काकांनी त्यावर विचार केला नाही. म्हणजे डोळ्यांसमोर होतं, पण त्यांनी ते वाचलं नाही.

युद्ध संपल्यावर दोघे भाऊ घरी आले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या, जिना लाकडी. बाबा वर चढून दारात उभे राहिले. आजी बाहेर आली, त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि म्हणाली, “या, बसा. लांबून आलात का?”

तिला वेड लागलं नव्हतं. दुधाचा हिशोब, शेजारणींची भांडणं, सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. बाबांना ती दोन वेळा गरम वाढायची, अंगात ताप आला तर उशाशी बसायची. फक्त अहो-जाहो करायची. पाहुण्याची ठेवतात तशी त्यांची बडदास्त ठेवायची, आणि भिंतीवर चौकटीत लावलेलं साहेबांचं पत्र रोज पदराने पुसायची. बाबांनी लहानपणच्या खुणा सांगितल्या, गुडघ्यावरचा वण दाखवला. ती म्हणाली, तुम्ही दोघं बरोबर होतात, त्याने सांगितलं असेल तुम्हाला. आणि वण काय, मुलांचे गुडघे फुटतातच.

शेवटी काकांनी तिला खुर्चीत बसवलं, पत्र चौकटीतून काढलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत शेजारी कोऱ्या कागदावर तीच सही केली. पत्र साहेबांचं नाही, माझं आहे, मी न बघता सही केली, असं त्यांनी तिला सांगितलं. आजीने दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं.

“म्हणजे तूच मारलंस त्याला,” ती म्हणाली, आणि पत्र पुन्हा चौकटीत घालून भिंतीला लावलं.

त्या दिवसानंतर काकांनी कुठल्याही कागदावर स्वतःची सही केली नाही. करायला जात तेव्हा स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर येतच नसे, हात आपोआप साहेबांच्या सहीचा वळसा घेई. वीजमंडळात, बँकेत, कोर्टातल्या हजेरीवरही ते अंगठा उठवत. सुंदर अक्षराचा नक्कल करणारा आणि सहीला अंगठा, यावर कोर्टातल्या लोकांनी त्यांना ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून चिडवून चिडवून हैराण केलं. महिन्यातून एकदा मात्र साहेबांची गाडी येई आणि काका त्यांच्या बंगल्यावर जाऊन शुभेच्छापत्रांवर, पुस्तकांवर, मुलांच्या वह्यांवर सह्या करून येत. तिथे हात सुरळीत चाले.

बाबांचं लग्न झालं तेही खटपट करूनच. माझी आई एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. ती म्हणायची, आवाजावरून तरी मला जिवंत वाटले. नोंदणीच्या कचेरीत वहीत बाबांच्या नावापुढे ‘मृत’ लिहिलेलं होतं आणि तिथला कारकून जनरलसाहेबांच्या सहीपुढे माझा इलाज नाही म्हणून हात झटकत होता. वर्षभर खेटे घातल्यावर त्याने ‘मृत’ तसंच ठेवून पुढे ‘विवाहित’ असं लिहून दिलं. आम्ही घरात यावर खूप हसायचो. पण बाबा हसता हसता आजीकडे बघत, आणि मग त्यांचं हसू तिथेच थांबे.

मी पंधरा वर्षांची असताना आजी गेली. शेवटच्या दुपारी शुद्ध चांगली होती. बाबा तिचे पाय चेपत होते. तिने त्यांचा हात थांबवला आणि म्हणाली, “तुम्ही माझं खूप केलंत. आता तुमच्या आईकडे जा. ती तुमची वाट बघत असेल.” बाबा जिन्यात जाऊन बसले आणि दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. काका खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे होते, पत्रासमोर.

त्यानंतर बारा वर्षांनी एके सकाळी साहेबांची गाडी आली, पण महिन्याचा तो दिवस नव्हता. साहेबांना अर्धांगाचा झटका आला होता. बंगल्यात खिडकीपाशी पलंग होता आणि साहेब त्यात इवलेसे दिसत होते. काकांना त्यांनी जवळ बसवलं. पुढचं बोलणं काकांनी घरी येऊन आम्हाला शब्दन् शब्द सांगितलं. नक्कल करणं त्यांचं कामच होतं.

“तो डेपोचा हुकूम तुम्ही लिहिलात हे मला त्याच दिवशी कळलं होतं,” साहेब म्हणाले. “सहीवरून नाही. मी तो दिलाच नव्हता.”

काकांनी मान खाली घातली. तीच तुकडी का पाठवलीत, असं त्यांनी विचारलं. बत्तीस वर्षं हा प्रश्न त्यांच्या घशात अडकला होता.

“समोर तीन तुकड्या होत्या, तिन्ही सारख्याच. एक जायचीच होती. बाकीच्या दोघींची पत्रं नव्याने लिहावी लागली असती, हिची आधीच गेली होती.” साहेबांनी खिडकीकडे तोंड वळवलं. “टेलिफोनवाला नाही असा निरोप आला तेव्हा माझ्याकडे टेलिफोनचं काम शिकलेला एकच होता. त्याला मी स्वतः सांगितलं. तोंडी.”

मुलाचं त्यांनी बायकोला कधी सांगितलंच नव्हतं. बेपत्ता म्हणाले होते. दुसऱ्यांच्या घरी अकरा हजार पत्रं पाठवणाऱ्या माणसाला आपल्या घरी एक पाठवता आलं नव्हतं. आणि बाईसाहेब शहाण्या. त्यांचं म्हणणं होतं की मुलगा गेला असता तर नियमाप्रमाणे पत्र आलं असतं. पत्र नाही, म्हणजे तो आहे. त्या अजूनही त्याचं अंथरूण घालत होत्या.

“मी मेल्यावर तिला कोण सांगणार? लिहा,” साहेब म्हणाले. “सही तुमचीच हवी. माझी ती ओळखणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर मी ते पत्र टाइप केलं. मी तेव्हा एका कचेरीत टायपिस्ट होते. काकांनी मजकूर सांगितला, तोच जुना. ‘त्याला त्रास झाला नाही’ या वाक्याशी ते अडले, मग म्हणाले, असू दे. सही करण्याआधी त्यांनी संपूर्ण पत्र वाचलं, नावासकट, ओठ हलवत. मग सही केली. बाबा समोर बसून बघत होते. मीही येतो, म्हणाले. माझ्याऐवजी गेला तो, मी तिथे असायला हवं.

आम्ही तिघं दुपारी पोचलो. बाबा कामावरून मधेच निघालेले, खांद्याला अवजारांची पिशवी आणि तारेचं वेटोळं तसंच. काका पुढे होते, पत्र कोटाच्या आतल्या खिशात. बाईसाहेबांनी स्वतः दार उघडलं. बारीक चणीच्या, केस पांढरेशुभ्र, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी काकांना ओळखलं, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या बाबांकडे गेली. त्या तारेच्या वेटोळ्याकडे त्या बघतच राहिल्या.

“आलास?” त्या म्हणाल्या.

काकांचा हात खिशात गेला होता तो तिथेच राहिला.

“किती उशीर रे,” बाईसाहेब म्हणाल्या. आवाजात राग होता, रोजच्या उशिराला असतो तेवढाच. “निदान एक फोन तरी करायचास.”

बाबांनी काकांकडे बघितलं. काकांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. ज्या खोट्या पत्राने भाऊ मेला होता तसंच, पण खरं पत्र त्यांच्या खिशात होतं, आणि ते बाहेर काढलं की भाऊ दुसऱ्यांदा मरणार होता. त्यांनी रिकामा हात खिशातून काढला आणि बाजूला सरकून भावाला वाट करून दिली.

“लाइन बंद होती, आई,” बाबा म्हणाले.

त्यांनी उंबऱ्यात बूट काढले. बाईसाहेबांनी खाली वाकून ते उचलले, बाजूला नीट जोडून ठेवले, आणि आत जा, हात धू, वाढते, असं म्हणाल्या. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगावर साहेब जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. ते डोळे मिटून घेईनात आणि आमच्याकडे बघेनातही.

साहेब त्याच महिन्यात गेले. बाबा पुढे दर रविवारी तिथे जेवायला जात राहिले, बाईसाहेब होत्या तोवर, सहा वर्षं. मी एकदा त्यांना विचारलं की तुम्हाला हे खोटं वाटत नाही का. ते म्हणाले, परत आल्यावर मला माझ्या आईने कधी तू म्हटलं का. काकांचं ते पत्र आजीच्या चौकटीतल्या पत्राशेजारी माझ्या कपाटात आहे, न दिलेलं. काकांनी पाकिटावर पत्ता लिहिला नव्हता, पण ते बंद करून मागच्या बाजूला, सही करतात त्या जागी, त्यांनी स्वतःचा अंगठा उठवला होता.